पायाखालची नावं

सगळ्यात आधी एक सूचना. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावी कधी गेलात, तर नॉर्थ स्ट्रीटवर सेंट साल्व्हेटर्स चॅपलच्या समोर खाली बघून चाला. तिथल्या फरसबंदीत ‘पी एच’ अशी दोन अक्षरं दगडांनी काढलेली आहेत. त्यांच्यावर पाय पडला की डिग्री गेली म्हणून समजा. हे मी नाही सांगत, तिथल्या युनिव्हर्सिटीतली मुलं सांगतात. ती युनिव्हर्सिटी आहे १४१३ सालची. म्हणजे सहाशे वर्षांचा एटीकेटीचा अनुभव आहे त्यांच्या गाठीशी, आपण काय बोलणार?

माझा पाय पडला. कसा, ते पुढे येईलच.

माझी मावसबहीण डंडीला मास्टर्स करतेय. एप्रिलच्या शेवटी मी दहा दिवस तिच्याकडे गेले होते आणि नेमकं तेव्हाच तिचं सबमिशन आलं होतं. ‘‘तू आपली कुठेतरी फिरून ये, मला लायब्ररीत बसू दे,’’ असं म्हणून ताईने मला एका अर्ध्या दिवसाच्या गाइडेड टूरमध्ये बसवून दिलं. सकाळी नऊला सेंट अँड्र्यूजहून निघायचं, किनाऱ्यावरची तीन गावं बघायची, मग परत येऊन सेंट अँड्र्यूजमध्ये पायी फेरी. साडेचार तास, सोळा सीटची मिनीबस आणि एक गाइड, जो ड्रायव्हरही तोच. साठी ओलांडलेला, गुबगुबीत स्वेटरमधला माणूस. मनातल्या मनात मी त्यांना लगेच काका करून टाकलं. बाकीचे प्रवासी म्हणजे गोल्फ खेळायला आलेले दोघे-तिघे, त्यांच्या कंटाळलेल्या बायका आणि फोटो काढून न थकणारं एक जोडपं.

गाइडेड टूर हा प्रकार मला फारसा आवडत नाही, आधीच सांगते. वीस मिनिटं उतरा, फोटो काढा, बसा. पण एकटीने फिरताना जे दिसत नाही ते कुणीतरी बोट दाखवल्यावर दिसतं, हेही तितकंच खरं. आणि काही वेळा गाइड ज्यावरून भरकन पुढे जातो, तेच डोक्यात राहतं.

आधी जागा नीट समजून घ्या. एडिनबराच्या समोर, फोर्थ खाडीच्या पलीकडे, नॉर्थ सीमध्ये घुसलेला जमिनीचा एक तुकडा आहे. तो फाइफ. त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला ‘ईस्ट न्यूक’ म्हणतात. न्यूक म्हणजे कोपरा. एका स्कॉटिश राजाने म्हणे फाइफला भिकाऱ्याच्या घोंगडीची आणि तिच्या सोनेरी किनारीची उपमा दिली होती. घोंगडी म्हणजे आतला मुलूख आणि किनार म्हणजे ही छोटी छोटी बंदरं. मासे, मीठ, कोळसा, हॉलंडशी आणि बाल्टिककडच्या देशांशी व्यापार, अशी चांगली कमाई होती त्यांची.

त्या दिवशी मात्र किनार दिसतच नव्हती. ‘‘आज हार आहे,’’ असं काकांनी माइकवर जाहीर केलं तेव्हा मला वाटलं, कालच्या मॅचबद्दल बोलताहेत. हार म्हणजे नॉर्थ सीवरून आत येणारं थंड, ओलं धुकं. समुद्र उजवी-डावीकडे आहे की पाठीमागे, काही कळत नव्हतं. नुसता वास येत होता.

पहिलं गाव क्रेल. वाडग्याएवढं बंदर, धक्क्यावर खेकडे आणि लॉबस्टर पकडायच्या पिंजऱ्यांची चळत, आणि लाल कौलं. ती कौलं बघून कुणाही मराठी माणसाला दोन सेकंद कोकणात आल्यासारखं वाटेल. यातली जुनी कौलं हॉलंडहून यायची. इकडून माल घेऊन गेलेलं जहाज परत येताना हलकं झालं की लाटांवर कलंडू नये म्हणून तळाला वजन भरायचे, ते वजन म्हणजे ही कौलं. इथल्या चर्चच्या बाहेर एक भलामोठा निळसर धोंडा आहे. समोरच्या मे बेटावर उभं राहून सैतानाने तो चर्चवर फेकला आणि त्याचा नेम चुकला, अशी गोष्ट आहे. सगळे हसले. मीही हसले. हाच सैतान तासाभराने पुन्हा भेटणार होता.

दुसरं गाव अँस्ट्रदर. स्थानिक लोक त्याला ‘एन्स्टर’ म्हणतात. इथे स्कॉटिश फिशरीज म्युझियम आहे, १९६९ साली उघडलेलं. तुम्ही कुठल्याही म्युझियममध्ये पळ काढणाऱ्यांपैकी असाल तरी इथे थांबा. ‘रीपर’ नावाची १९०२ सालची हेरिंग पकडायची शिडाची बोट या म्युझियमने सांभाळून ठेवली आहे. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. थव्याथव्याने यायचा आणि त्याच्यावर अख्खा किनारा जगायचा.

मला बोटीपेक्षा बायकांचे फोटो बघत राहावंसं वाटलं. हेरिंगचे थवे जसजसे किनाऱ्याने सरकत, तसतशा हजारो मुली त्यांच्या मागे मागे प्रवास करायच्या. वर शेटलंडपासून खाली इंग्लंडमधल्या ग्रेट यारमथपर्यंत. तिघींची टोळी असायची. दोघी मासा चिरून आतडी काढणार, तिसरी तो मिठात थरावर थर लावून पिंपात भरणार. सराईत हाताला एका माशाला सेकंद-दोन सेकंद पुरायचे. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, तरी सुरी लागायचीच, आणि त्या जखमेवर दिवसभर मीठ. फोटोतल्या कितीतरी जणी माझ्या-तुमच्या वयाच्या आहेत, काही तर त्याहून लहान. आणि हसताहेत. सासून डॉकवर पहाटे कोळंबी सोलायला बसलेल्या बायकांवर मी सेकंड इयरला एक असाइनमेंट केली होती. त्यांच्याही बोटांना चिंध्या होत्या. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘माझी आजी यातलीच. तिचे हात मला आठवतात, चेहरा नीट आठवत नाही.’’ मग घड्याळात बघून म्हणाले, चला.

१९४०च्या दशकात फोर्थ खाडीतला हिवाळी हेरिंग संपला. आज अँस्ट्रदरच्या बंदरावर जी रांग दिसते ती फिश अँड चिप्ससाठी. त्यातला मासा हॅडक असतो.

तिसरं गाव पिटनवीम. नावाचा अर्थ गुहेची जागा. सेंट फिलनची गुहा इथे खरोखर आहे. बाकीची बंदरं आता बरीचशी पर्यटकांची झाली असली तरी इथे अजून मासेमारी चालते. ऑगस्टमध्ये कलामहोत्सव भरतो, घराघरांत चित्रं मांडतात. काकांनी हे सगळं सांगितलं, टॉलबूथचा मनोरा दाखवला. टॉलबूथ म्हणजे गावची कचेरी आणि तुरुंग एकातच. ‘‘इथे काही बायकांना चेटकिणी म्हणून कोंडलं होतं, १७०४ साली. वाईट गोष्ट. चला, पंधरा मिनिटं आहेत, कॉफी तिकडे मिळेल.’’

मी कॉफीला गेले नाही. काकांना विचारलं, ‘‘पुढे काय झालं त्यांचं?’’

त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मला बंदराच्या कडेला घेऊन गेले. जे सांगितलं ते तिथे उभं राहूनच सांगितलं. उरलेलं मी रात्री ताईच्या खोलीवर बसून वाचलं. दोन्ही मिळून लिहिते.

गावात पॅट्रिक मॉर्टन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता, लोहाराच्या हाताखाली काम शिकणारा. बिएट्रिक्स लेंग नावाची बाई त्याच्याकडे खिळे मागायला आली. तो म्हणाला, आत्ता वेळ नाही. ती पुटपुटत निघून गेली. एवढंच. नंतर हा मुलगा आजारी पडला, हातपाय लुळे, झटके, आणि म्हणायला लागला की तिने चेटूक केलं. गावच्या पाद्र्याने ते मनावर घेतलं. बिएट्रिक्सला कोंडलं, सुया टोचल्या, पाच दिवस आणि पाच रात्री झोपू दिलं नाही. पाच दिवस झोप नाही म्हटल्यावर माणूस काय काय कबूल करेल, विचार करा. तिने इतरांची नावं घेतली. त्यात एक नाव जेनेट कॉर्नफूट.

जेनेट कोठडीतून पळाली. लूकर्सपर्यंत पोचली. हे लूकर्स म्हणजे आज सेंट अँड्र्यूजला जायला जिथे ट्रेनमधून उतरावं लागतं, तेच गाव. तिथल्या पाद्र्याने तिला परत पाठवलं. ३० जानेवारी १७०५च्या संध्याकाळी गावातल्या जमावाने तिला पकडलं, बांधून समुद्रावर ओढत नेलं. जहाजापासून किनाऱ्यापर्यंत दोर ताणून तिला त्यावर टांगलं आणि दगड मारले. मग खाली आणून तिच्या अंगावर एक दार टाकलं आणि त्या दारावर दगड रचत गेले, ती मरेपर्यंत. वरून घोड्याची घसरगाडी फिरवली. तिला ख्रिस्ती पद्धतीने पुरूही दिलं नाही. एडिनबराहून चौकशीचे आदेश आले, पण शिक्षा एकालाही झाली नाही. आरोपींपैकी टॉमस ब्राउन नावाचा एक माणूस कोठडीतच उपासमारीने मेला होता. आणि तो खिळेवाला मुलगा? त्याचं सोंग उघडं पडलं.

या सगळ्यात माझं लक्ष अडकलं ते वेगळ्याच गोष्टीत. १६९७ साली स्कॉटलंडच्या पश्चिमेकडे असंच एक प्रकरण गाजलं होतं. एका मुलीला झटके येत होते, तिने नावं घेतली, माणसं मारली गेली. त्याची हकीकत छापून निघाली होती. आजारी मॉर्टनला पाद्र्याने हीच हकीकत वाचून दाखवली, असा आरोप त्याच काळात झाला. म्हणजे झटके कसे द्यायचे, नावं कशी घ्यायची, याचं स्क्रिप्ट पोराच्या उशाशी तयार होतं! फॉरवर्ड आलेला व्हिडिओ बघून जमाव जमतो आणि रस्त्यावर कुणालातरी मारतो, अशा बातम्यांवर आम्ही वर्गात चर्चा केल्या आहेत. आमचा समज असा की हे मोबाइलमुळे झालं.

पण गंमत म्हणा किंवा काहीही म्हणा, जेनेटचं काय झालं ते आज आपल्याला माहीत आहे तेसुद्धा छापलेल्या कागदांमुळेच. १७०५ साली या खुनावर पत्रकं निघाली. एकाने पिटनवीमच्या पाद्र्याला आणि अधिकाऱ्यांना धारेवर धरलं, दुसऱ्याने त्यांची बाजू घेतली, पहिल्याने पुन्हा उत्तर दिलं. त्या भांडणात दोर, दार, घोडा, सगळे तपशील कागदावर आले. ते कुणी लिहिलं नसतं तर पंधरा मिनिटांच्या कॉफी ब्रेकमध्ये काका जेवढं बोलले तेवढंही उरलं नसतं.

‘‘तिच्या नावाची पाटी कुठे आहे?’’ मी विचारलं. मला तरी कुठे दिसली नव्हती.

‘‘तुला इथे काय दिसायला हवं होतं?’’ काका म्हणाले. रागाने नाही, खरंच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही. मग ते म्हणाले, गाडीत लोक सुट्टीवर आलेले असतात, लहान मुलं असतात, सकाळच्या अकराला हे किती सांगायचं? मी दोन मिनिटं ठेवली आहेत. काही गाइड तेवढीही ठेवत नाहीत.

त्यांचंही बरोबर होतं. माझंही चूक नव्हतं असं मला अजून वाटतं.

स्कॉटलंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १५६३ ते १७३६ लागू होता. त्याखाली साधारण ४,००० लोकांवर आरोप झाले आणि त्यात बहुसंख्य बायका होत्या. ८ मार्च २०२२ रोजी, महिला दिनी, तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी संसदेत या सगळ्यांची अधिकृत माफी मागितली. जेनेटनंतर तीनशे सतरा वर्षांनी.

परतीच्या वाटेवर हार उचलला आणि एकदम निळाशार समुद्र दिसला. बसमधले सगळे ओरडले. मी बिएट्रिक्सचा विचार करत होते. काकांनी सांगितलं होतं की ती सुटली, पण गावाने तिला राहू दिलं नाही. इकडे तिकडे भटकत शेवटी ती सेंट अँड्र्यूजमध्ये मेली. म्हणजे आम्ही चाललो होतो तिथेच.

सेंट अँड्र्यूजमध्ये दोन तास पायी. आधी कॅथीड्रल, म्हणजे त्याचे अवशेष. १३१८ साली रॉबर्ट द ब्रूस राजाच्या उपस्थितीत त्याची प्रतिष्ठापना झाली होती. जवळजवळ १२० मीटर लांब, स्कॉटलंडमधलं सगळ्यात मोठं चर्च. आता दोन्ही टोकांच्या भिंती उभ्या आहेत आणि मधे गवत. १५५९ साली जॉन नॉक्सच्या प्रवचनानंतर जुन्या धर्माविरुद्ध पेटलेल्या लोकांनी ते आतून लुटलं, पुढे गावकरी घरं बांधायला दगड नेत राहिले. जुन्या गल्ल्यांतून चालताना तुम्ही कॅथीड्रलच्याच भिंतींमधून चालत असता.

मग समुद्राच्या कड्यावरचा किल्ला. १५४६च्या मार्चमध्ये जॉर्ज विशर्ट या प्रोटेस्टंट प्रचारकाला कार्डिनल बीटनने याच्यासमोर जाळलं. दोन-तीन महिन्यांत विशर्टच्या बाजूच्या लोकांनी गवंड्यांच्या वेषात आत शिरून कार्डिनलला मारलं आणि त्याचं प्रेत भिंतीवरून लटकवलं. पुढे वेढा पडला. आपण शिवकाळातल्या वेढ्यांच्या गोष्टींत जो सुरुंग ऐकतो, तोच इथे प्रत्यक्ष आहे. बाहेरच्यांनी भिंतीखाली सुरुंग खणायला घेतला. आतल्यांनी जमिनीला कान लावून आवाजाच्या रोखाने उलटा सुरुंग खणला. दोनदा अंदाज चुकला, तिसऱ्यांदा ते बरोबर शत्रूच्या सुरुंगात उतरले. अजून त्यातून वाकून, रांगत जाता येतं. जीन्सचे गुडघे जातील, पण जाच. शेजारी बाटलीच्या आकाराची अंधारकोठडी आहे, खडकात सातेक मीटर खोल खणलेली. वर अरुंद गळा, खाली रुंद पोट, खिडकी नाही. काकांनी आत दिवा सोडून दाखवला आणि गोल्फवाल्यांपैकी एकजण पहिल्यांदाच गप्प झाला.

वाटेत एक मजेशीर गोष्ट दिसली. साउथ स्ट्रीटवर ‘मद्रास कॉलेज’! सेंट अँड्र्यूजमध्ये जन्मलेला अँड्र्यू बेल मद्रासला अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. तिथे त्याने मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना बघितलं आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची पद्धत बसवली. तीच ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडभर पसरली. त्याने ठेवलेल्या पैशांतून १८३३ साली ही शाळा निघाली. आता ती गावाबाहेर नव्या इमारतीत गेली आहे, पण नाव मद्रासच. मद्रासचं चेन्नई होऊन गेलं, इकडे कुणी कळवलेलं दिसत नाही.

आणि मग नॉर्थ स्ट्रीट. काका म्हणाले, चॅपलच्या मनोऱ्यावर वर बघा, दगडात एक चेहरा दिसतो. तो म्हणे इथे जाळलेल्या एका तरुणाचा. मी वर बघत बघत फोटोसाठी दोन पावलं मागे सरकले.

‘‘झालं,’’ काका म्हणाले, ‘‘आता खाली बघ.’’

पी एच. पॅट्रिक हॅमिल्टन. लूथरचे विचार शिकवल्याबद्दल २९ फेब्रुवारी १५२८ला त्याला इथे जाळलं. लाकडं ओली, वारा समुद्रावरचा. दुपारी बाराला पेटवलेली चिता धड पेटेना. सहा तास लागले. तो चोवीस वर्षांचा होता. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, ताईपेक्षा एका वर्षाने लहान.

काकांनी यावर चांगली पंचवीस मिनिटं दिली. किल्ल्यासमोर विशर्टची ‘जी डब्ल्यू’ अक्षरंही रस्त्यात आहेत आणि समुद्राकडे १८४२ साली या गावात जाळलेल्या चौघांच्या नावांचा उंच स्तंभ उभारलाय. सगळं ऐकलं, सगळं खरंच हलवून टाकणारं आहे. पण पंचवीस आणि दोन हे आकडे काही डोक्यातून जाईनात. बाकीचे गोल्फचं मैदान बघायला निघाले तेव्हा मी काकांना तसं बोलून दाखवलं. ते थोडं थांबून म्हणाले, ‘‘पुढच्या खेपेला पाच करतो. मुलं नसतील तर.’’

ओल्ड कोर्सबद्दल मला विचारू नका, मला गोल्फ कळत नाही. एवढं सांगते की रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फिरतात, तेव्हा शक्यतो रविवारी जा. सेंट अँड्र्यूजला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही, १९६९ साली बंद झालं. लूकर्सला उतरून बस घ्यावी लागते. शिकायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक: स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बावीस वर्षांखालच्यांना कार्ड काढून बसप्रवास फुकट आहे. तेव्हा जरा लवकर जन्म घेतला असेल तर माझ्यासारखी हळहळ करा.

पी एचवर पाय पडल्याचा उताराही ठरलेला आहे. एक मेच्या पहाटे मुलं ईस्ट सँड्सच्या किनाऱ्यावर जमतात आणि उजाडताना नॉर्थ सीच्या बर्फासारख्या पाण्यात डुबकी मारतात. त्याला ‘मे डिप’ म्हणतात. माझं विमान तीस एप्रिलचं होतं. म्हणून टूर संपल्यावर मी एकटीच ईस्ट सँड्सवर गेले, बूट-मोजे काढले आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. आकडा मोजत होते, अकरापर्यंत टिकले. पाय इतके बधिर झाले की बूट डावा कुठला, उजवा कुठला कळेना.

रात्री ताईला सगळं सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, ‘‘घोट्यापर्यंतचं चालत नाही. डोकं बुडावं लागतं.’’

माझा निकाल जूनमध्ये आहे.